पत्त्यांची वही : व्यापाऱ्याची चौथी पुंजी

व्यापाराला पैसा लागतो, माल लागतो आणि बाजारात साख लागते, हे आपल्यातील प्रत्येक दुकानदार व कारागीर जाणतो. या तीन पुंज्यांचा हिशेब आपण रोज ठेवतो. परंतु चौथी एक पुंजी अशी आहे की तिची नोंद बहुतेकांच्या खातेवहीत सापडत नाही. ती म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांचे व देणेकऱ्यांचे पूर्ण पत्ते. माल कुठे पाठवायचा, वसुलीचे पत्र कुणाला लिहायचे, नवा माल आल्याची खबर कुठे द्यायची, हे सारे ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे ती गोष्ट आपण मुनीमजींच्या डोक्यात, जुन्या बिलांच्या पाठीवर आणि मोबाइलमध्ये विखरून ठेवली आहे. हे पत्ते साध्या संगणकावर कसे जमवावेत आणि त्यावरून चिकटवायची लेबले कशी छापावीत, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

पुंजी कशी निसटते?

अकोल्याच्या कापड बाजाराचे उदाहरण घेऊ. येथील ठोक व्यापारी अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, तसेच वाशिम, कारंजा, खामगाव, शेगाव अशा गावांतील दुकानदारांना माल पुरवितो. सुरत, मालेगाव, भिवंडी व इचलकरंजी येथून तो माल मागवितो. म्हणजे मध्यम दर्जाच्या पेढीचाही दोन-चारशे पत्त्यांशी संबंध येतो. कोणत्या दुकानाची बिल्टी कोणत्या ट्रान्सपोर्टने जाते, कोणता दुकानदार चौकातून गल्लीत गेला, कोणाचे दुकान आता मुलगा पाहतो, हे सारे एक मुनीमजी जाणतो. तो घरी बसला की पेढीचे अर्धे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते.

मोबाइल आल्यावर आपल्याला वाटले की आता वहीची गरज संपली. पण मोबाइलमध्ये बहुधा फक्त नाव आणि नंबर असतो, तोही ‘बाळापूरवाले’ किंवा ‘रशीदभाई साडी’ अशा खुणेने. फोन हरवला, बिघडला, की खूणही गेली आणि गिऱ्हाईकही गेले. व्हॉट्सॲपवर नमुन्याचा फोटो जातो हे खरे. पण थान व्हॉट्सॲपवरून जात नाही. गठाण असो की पार्सल, त्याच्या पाठीवर कागद चिकटवावाच लागतो आणि त्या कागदावर पत्ता लिहावाच लागतो.

याहून गंभीर बाब निराळी आहे. आज अनेक कारागीर व छोटे दुकानदार मोठ्या ऑनलाइन बाजारांतून माल विकतात. तेथे लेबल त्या बाजाराच्या यंत्रणेतून निघते आणि गिऱ्हाइकाशी नातेही त्या बाजाराचेच राहते. उद्या त्या बाजाराने दलाली वाढविली किंवा आपले खाते बंद केले, तर इतक्या दिवसांत जोडलेल्या माणसांपर्यंत पोचायला आपल्या हाती काहीच उरत नाही. माल आपला, मेहनत आपली, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याचे! म्हणून दुकानावर येणाऱ्या, फोनवर मागणी देणाऱ्या, थेट आपल्याकडून माल नेणाऱ्या प्रत्येक माणसाचा पत्ता आपल्या स्वतःच्या यादीत असणे ही चैन नसून धंद्याच्या संरक्षणाची बाब आहे.

सहा आकड्यांचे महत्त्व

पत्त्याचा कणा म्हणजे पिन कोड. भारतात तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे या पद्धतीचे जनक. ते मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित होते. देशात अनेक भाषा, अनेक लिप्या आणि एकाच नावाची कितीतरी गावे. टपाल वाटणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून सहा आकड्यांची ही तोड निघाली.

पहिला आकडा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड. पहिले तीन आकडे टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवितात. अकोला शहराचा मुख्य पिन ४४४००१ आहे, अमरावतीचा ४४४६०१, अकोटचा ४४४१०१, बाळापूरचा ४४४३०२, मूर्तिजापूरचा ४४४१०७ आणि वाशिमचा ४४४५०५. म्हणजे ४४४ पाहताच टपालवाल्याला कळते की हे पार्सल वऱ्हाडाकडे जायचे आहे.

हे आकडे किती कामाचे आहेत ते गावांच्या नावांवरून लक्षात येईल. कापडवाल्याला ‘मालेगाव’ म्हटले की नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे मालेगाव आठवते. त्याचा पिन ४२३२०३. पण आपल्या शेजारी वाशिम जिल्ह्यातही तालुक्याचे मालेगाव आहे. त्याचा पिन ४४४५०३. कारंजा लाड वाशिम जिल्ह्यात, तर कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. शिरपूर वाशिमकडे आहे आणि धुळ्याकडेही आहे. खुद्द आपल्या अकोल्याला अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले जोडीला आहे. इंग्रजीत लिहिताना एका अक्षराचा फरक, आणि दोन गावांत शेकडो किलोमीटरचे अंतर. ईदच्या आधी आठ दिवस निघालेली गठाण अशा चुकीच्या गावी गेली आणि ईदनंतर परत आली, तर जाण्याचे भाडे गेले, येण्याचे भाडे गेले आणि हंगामही गेला. परत आलेला माल मग पुढच्या वर्षीपर्यंत फळीवर पडून राहतो.

पिनची गरज आता केवळ टपालापुरती राहिलेली नाही. जीएसटीच्या ई-वे बिलात दोन्ही ठिकाणचे पिन भरावे लागतात आणि त्यावरून अंतर काढले जाते. कुरिअरवाला तर पिन विचारल्याशिवाय भावच सांगत नाही.

पत्त्याचे खाने कसे पाडावेत?

संगणकात पत्ते भरताना सर्वांत मोठी गफलत होते ती सगळा पत्ता एकाच खान्यात कोंबल्याने. असे केले की नुसती बाळापूरची गिऱ्हाइके वेगळी काढता येत नाहीत, की पिनप्रमाणे क्रम लावता येत नाही. मराठीत पत्ता लिहिण्याची आपली जुनी रीत याबाबत फार सोयीची आहे : मु., पो., ता., जि. मुक्काम, पोस्ट, तालुका व जिल्हा. या चार शब्दांचे चार खाने पाडले की अर्धे काम झाले. एका पिनखाली अनेक लहान टपाल शाखा व गावे येतात, म्हणून केवळ पिन लिहून भागत नाही. मुक्काम आणि पोस्ट लिहावेच लागते.

एक्सेलमध्ये किंवा लिब्रऑफिसच्या कॅल्कमध्ये नवा कागद उघडावा आणि पहिल्या ओळीत ही शीर्षके टाकावीत : अनुक्रमांक, पूर्ण नाव, दुकानाचे नाव, घर किंवा दुकान क्रमांक व रस्ता, जवळची खूण, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य, पिन, मोबाइल, जीएसटी क्रमांक, गिऱ्हाइकाचा प्रकार, ट्रान्सपोर्ट आणि शेवटी ‘पत्ता तपासल्याची तारीख’. एका माणसाला एक ओळ. मध्ये ओळ सोडू नये, खाने जोडून मोठे करू नयेत, सजावट करू नये. ही यादी पाहण्यासाठी नसून काम करण्यासाठी आहे.

‘प्रकार’ या खान्यात ठोक, किरकोळ, शिंपी, कारागीर, माल देणारा असे ठरावीक शब्दच लिहावेत. उद्या फक्त शिंप्यांना अस्तराच्या कापडाचे पत्रक पाठवायचे असेल तर गाळणी लावून तेवढीच नावे बाजूला काढता येतात.

जिल्ह्याचा खाना वेगळा ठेवण्याचा फायदा वऱ्हाडातील व्यापाऱ्याइतका कुणाला कळणार नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा निघाला. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मानोरा, मालेगाव ही गावे तिकडे गेली. पण अनेक पेढ्यांच्या जुन्या वह्यांत त्यांच्यापुढे आजही ‘जि. अकोला’ लिहिलेले सापडते. पुढे २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. वहीत असे प्रत्येक नाव खोडून पुन्हा लिहावे लागते. संगणकात तो एक खाना निवडून ‘शोधा आणि बदला’ म्हटले की सारे पत्ते एका दमात दुरुस्त होतात. नावे बदलली तरी पिन बदललेला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नावाचा प्रश्न

विकतच्या किंवा तयार नमुन्यांत ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन खाने असतात. आपल्याकडील नावांना ते बसत नाहीत. वऱ्हाडात शेख, सय्यद, मिर्झा ही नावे पुढे लागतात आणि वडिलांचे नावही तशाच रीतीने मागे येते : शेख अमुक शेख तमुक, सय्यद अमुक सय्यद तमुक. यातले आडनाव कोणते? संगणकाला शेवटचा शब्द आडनाव वाटतो आणि तो वडिलांच्या नावाने क्रम लावतो. उलट पहिल्या शब्दाने क्रम लावला तर अर्धी यादी ‘शेख’ खाली जमते. म्हणून आमचा सल्ला असा की नाव फोडू नये. पूर्ण नाव एकाच खान्यात ठेवावे, आणि ओळख पटण्यासाठी दुकानाचे नाव व मोबाइल क्रमांक यांचा आधार घ्यावा.

दुसरी अडचण लिपीची. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उर्दूत शेख आणि मुहम्मद या शब्दांचे हिज्जे ठरलेले आहेत, प्रत्येकी एकच. परंतु हीच नावे इंग्रजीत आली की मुहम्मदचे पाच प्रकार होतात : एम-ओ ने सुरू होणारा, एम-यू ने सुरू होणारा, शेवटी ए-डी असलेला, ई-डी असलेला, आणि एम-डी अशा दोन अक्षरांवर भागविणारा. मराठीतही महंमद, मोहम्मद, मुहम्मद असे तिन्ही चालतात. संगणकाच्या दृष्टीने ही सारी निरनिराळी माणसे होत. मग एकाच गिऱ्हाइकाची नोंद तीन वेळा होते, एकाच घरी तीन पत्रके जातात आणि वसुलीच्या वेळी कोणते खाते खरे हे कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. पेढीने एक हिज्जे ठरवावे आणि यादीत तेच वापरावे. मात्र बिलावर व जीएसटीच्या कागदांवर ज्याचे नाव त्याच्या दाखल्याप्रमाणेच असावे. दुबार नोंदी पकडण्यासाठी नाव न पाहता मोबाइल क्रमांक पाहावा. त्या खान्याचा क्रम लावला की दोनदा आलेला क्रमांक एकाखाली एक दिसतो. मोबाइलचा खाना आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून घ्यावा, नाहीतर मोठे आकडे विचित्र रूपात दिसतात, आणि अकोल्याच्या दूरध्वनीच्या ०७२४ मधील पुढचे शून्य गळून नुसते ७२४ उरते.

मराठीत पत्ते भरायचे तर ते युनिकोडमध्येच भरावेत. पूर्वी छापखान्यातून श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत याद्या करून घेतल्या जात. त्या फॉन्टांच्या जुन्या पद्धतीत आत इंग्रजी अक्षरांच्या जागा असत आणि वरून फक्त देवनागरी रूप दिसे. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तेथे यादी उघडली की अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसतो. शोधही लागत नाही आणि क्रमही लागत नाही. युनिकोडमध्ये भरलेली यादी कोणत्याही संगणकात व मोबाइलमध्ये वाचता येते, आणि त्यात उर्दूचाही खाना ठेवता येतो. विंडोजमध्ये मराठी व उर्दू दोन्ही की-बोर्ड मिळतात; वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. महाराष्ट्राबाहेर माल पाठविणाऱ्यांनी मात्र इंग्रजीतील नाव-पत्त्याचेही खाने जोडावेत, कारण सुरतेच्या वाटपदाराला मराठी वाचता येईलच असे नाही. आणि लेबलावर पिन व मोबाइल नेहमी इंग्रजी आकड्यांत, ठळक छापावेत.

लेबले छापण्याची रीत

आपोआप चिकटणारे लेबल ही फार जुनी वस्तू नाही. अमेरिकेत आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये ते बाजारात आणले. त्याआधी कागदाला डिंक लावावा लागे. आता स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर आकाराचे लेबलांचे तयार कागद मिळतात. एका कागदावर २४ लेबले असतील तर एकेक लेबल साधारण ६४ मिलिमीटर रुंद व ३४ मिलिमीटर उंच येते. पत्रके व लिफाफ्यांसाठी ते पुरेसे आहे. आपले पत्ते लांब असतात, त्यामुळे पार्सलसाठी १६ लेबलांचा (सुमारे ९९ बाय ३४ मिलिमीटर) किंवा ८ लेबलांचा (सुमारे ९९ बाय ६८ मिलिमीटर) कागद घेणे चांगले. कागदाच्या पाकिटावर माप छापलेले असते. ते पाकीट फेकू नये.

ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट वर्ड आहे त्यांनी त्यातील ‘मेलिंग्ज’ हा भाग उघडावा. ‘स्टार्ट मेल मर्ज’मध्ये ‘लेबल्स’ निवडून कागदाचे माप सांगावे. मग ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून आपली यादी दाखवावी. पहिल्या चौकटीत ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ वापरून नाव, दुकान, रस्ता, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन व मोबाइल असे खाने एकाखाली एक बसवावेत. त्यानंतर ‘अपडेट लेबल्स’ हे बटण दाबणे अत्यावश्यक आहे. ते राहिले तर पहिल्या चौकटीतच पत्ता येतो आणि बाकीच्या कोऱ्या राहतात. शेवटी ‘प्रिव्ह्यू’ पाहून ‘फिनिश अँड मर्ज’ करावे.

ज्यांना सॉफ्टवेअरवर पैसा खर्च करावयाचा नाही त्यांच्यासाठी लिब्रऑफिस आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचे सॉफ्टवेअर संपूर्ण मोफत व कायदेशीर आहे. चोरीची प्रत वापरण्याची पाळी कुणावर येऊ नये. त्यात आधी कॅल्कमधील यादी ‘डेटाबेस’ म्हणून जोडून घ्यावी. मग ‘फाइल’, ‘न्यू’, ‘लेबल्स’ असे जावे, यादी निवडून खाने बसवावेत, ‘फॉरमॅट’मध्ये कागदाची मापे भरावीत आणि ‘ऑप्शन्स’मधील ‘सिन्क्रोनाइझ कन्टेन्ट्स’वर खूण करावी. ही खूण केली की पहिल्या लेबलात केलेला बदल पुढे सर्व लेबलांत नेता येतो.

छापण्यापूर्वी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, यादी पिनप्रमाणे क्रमाने लावावी. म्हणजे लेबले गावागावाने निघतात आणि पार्सलांची थप्पीही त्याच क्रमाने लागते. दुसरी, प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टु पेज’ बंद करून माप शंभर टक्के ठेवावे, नाहीतर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते. तिसरी, आधी साध्या कागदावर एक प्रत काढावी आणि लेबलाच्या कागदाला लावून उजेडापुढे धरावी. अक्षरे चौकटीत बसली तरच महागडा कागद घालावा. काही लेबले काढून घेतलेला अर्धवट कागद लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नये. आतील उष्णतेने उरलेले लेबल सुटून रुळाला चिकटते आणि दुरुस्तीचा खर्च लेबलांच्या कितीतरी पट होतो.

वेळेचा हिशेब पाहा. समजा चारशे पत्ते आहेत आणि एक पत्ता हाताने लिहायला दोन मिनिटे लागतात. एकूण आठशे मिनिटे, म्हणजे तेरा तासांहून अधिक. हे काम रमजानआधी, दिवाळीआधी, लग्नसराईत पुन्हा पुन्हा करावे लागते. यादी तयार असेल तर २४ लेबलांचे सतरा कागद छापले की काम झाले.

ऊन, पाऊस आणि गठाण

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कुरिअरवाले ज्या छोट्या थर्मल प्रिंटरवर लेबले काढतात त्यात शाई नसते. उष्णतेने कागद काळा होतो. असे लेबल तापलेल्या पत्र्याखाली किंवा बंद टेम्पोत पडून राहिले तर ते काळवंडू किंवा पुसट होऊ शकते. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते. लेझरवरील छपाई या दोन्हींपेक्षा टिकाऊ ठरते. कोणतेही लेबल असो, त्यावर रुंद पारदर्शक पट्टी लावावी.

गोणपाटाच्या किंवा विणलेल्या प्लास्टिकच्या गठाणीला लेबल नीट चिकटत नाही, हे प्रत्येक कापडवाला जाणतो. तेथे मार्का शाईनेच घालावा, आणि छापलेले लेबल प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून ती पिशवी टाक्यांनी गठाणीला शिवावी. पत्त्याची दुसरी प्रत गठाणीच्या आत, मालावर ठेवावी. बाहेरचा कागद फाटला तरी माल बेवारस ठरत नाही. पाठविणाऱ्याचा, म्हणजे आपला, पत्ताही प्रत्येक लेबलावर असावा.

टपाल खात्यातही बदल झाले आहेत. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात मिसळली गेली, आणि ओटीपी घेऊन वस्तू हाती देण्याची सोयही आली. म्हणजे घेणाऱ्याचा चालू मोबाइल क्रमांक आता पत्त्याचाच भाग झाला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद व इस्रोच्या केंद्राच्या मदतीने ‘डिजिपिन’ ही दहा अक्षरी खूण आणली. देशाची भूमी सुमारे चार मीटर लांब व चार मीटर रुंद चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला तिने एक संकेत दिला आहे. पिनची जागा तिने घेतलेली नाही. पण ज्या मोहल्ल्यात घरांना क्रमांक नाहीत, ‘मशिदीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ’ असाच पत्ता सांगावा लागतो, तेथे ती पुढे उपयोगी पडेल. यादीत तिच्यासाठी एक खाना मोकळा ठेवावा.

पत्ता ही अमानत आहे

गिऱ्हाइकाने आपला पत्ता व मोबाइल आपल्याला दिला तो माल पोचविण्यासाठी. तो दुसऱ्याला विकणे, किंवा निष्काळजीपणाने चव्हाट्यावर टाकणे, ही खयानत होय. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी व्यापारी शहाणपण हेच सांगते की आपली यादी प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ नये. म्हणून यादीला पासवर्ड लावावा. बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह न्यायचा झाला तर पूर्ण यादी न नेता तयार लेबलांची पीडीएफच न्यावी, आणि छपाई झाल्यावर तेथील संगणकातून ती पुसून घ्यावी. यादीची एक प्रत दुकानात, एक घरी आणि महिन्यातून एकदा छापलेली एक प्रत कपाटात असावी. वीज गेली, संगणक बिघडला, तरी धंदा थांबता कामा नये.

हे काम कोण करील?

‘आम्हाला संगणक येत नाही’ असे आमच्या वयाचे अनेक व्यापारी सांगतात. पण त्यांच्याच घरात ते येणारी माणसे बसलेली आहेत. महाराष्ट्रात अनेक वर्षांपासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम चालतो. आपल्या अनेक मुला-मुलींनी तो पूर्ण केला आहे. कित्येक मुलींचे प्रमाणपत्र तर पेटीत घडी करून ठेवलेले आहे. पत्त्यांची यादी भरणे, ती तपासणे, लेबले काढणे हे काम घरी बसून होते. ते त्यांच्याकडे सोपवावे आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. घरचे काम म्हणून फुकट करून घेऊ नये. कारागिरांच्या बाबतीत तर हे अधिकच लागू आहे. अकोटच्या सतरंजीचे नाव इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांतही आहे. असे नाव कमावणारे हात माल विणतात, पण माल कुणाच्या घरी गेला हे विणणाऱ्याला ठाऊक नसते. दहा कारागिरांनी मिळून एक यादी केली, घरातील एका शिकलेल्या मुलीने ती सांभाळली, तर मधल्या दलालावरचा भार नक्की कमी होईल.

एकदम चारशे पत्ते भरण्याचा हव्यास धरू नये. रोज दुकान बंद करण्यापूर्वी वीस नावे भरावीत. प्रत्येकाला फोन करून पत्ता, पिन व दुकान आता कोण पाहते हे विचारावे आणि ‘तपासल्याची तारीख’ टाकावी. वीस दिवसांत चारशे पत्ते होतात. या निमित्ताने कित्येक जुन्या गिऱ्हाइकांशी पुन्हा बोलणे होते, आणि त्या बोलण्यातून काही ऑर्डरीही मिळतात. पुढे वर्षातून एकदा यादी पुन्हा तपासावी. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाची नोंद त्याच दिवशी यादीत करावी.

मुनीमजी अजून गादीवर आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ही वीस दिवसांची मेहनत उरकून घ्यावी. कोणती बिल्टी कुठल्या मार्गाने जाते आणि कोणत्या गल्लीत कोण बसते, हे सांगणारा माणूस पुढे मिळणे कठीण आहे.